विश्वासू निर्माता आणि गप्प देव : एन्दो यांच्या ‘चिम्मोकु’विषयी

गेल्या वेळी आपण ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणं पाहिली. उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ पाहिली. घट आहे म्हणून कुंभार आहे, तसं जग आहे म्हणून जगाचा कर्ता आहे, हे अनुमान कुठवर जातं आणि कुठे अडखळतं तेही पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, हे युक्तिवाद म्हणून ठीक आहे. पण ज्याच्या मानेवर तलवार आहे, त्याला जग कोणी केलं या चर्चेचा काय उपयोग?” आम्ही वेळ संपली असं सांगून सुटका करून घेतली. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. आज ते देण्याचा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी एक कादंबरी घेतली आहे.

कादंबरी जपानी आहे. शुसाकु एन्दो यांची ‘चिम्मोकु’, म्हणजे ‘मौन’. १९६६ साली ती प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी तिला तानिझाकी पुरस्कार मिळाला. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा २०१६ चा ‘सायलेन्स’ हा चित्रपट तिच्यावरचाच. तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

आम्ही ही कादंबरी अनेक वर्षं वर्गात वापरली. ‘अनिष्टाची समस्या’ शिकवायची असली की तिच्यातला एक प्रसंग सांगायचा आणि विचारायचं : देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर तो इथे गप्प का? मुलं गंभीर व्हायची, तास चांगला जायचा. एका वर्षी वसईकडची एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली आणि म्हणाली, “सर, कादंबरीत येशू आहे. पण आकाश आणि पृथ्वी करणारा देव कुठे आहे? आमच्या घरी प्रार्थना तिथून सुरू होते.” त्या वेळी आम्ही तिला काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. पण प्रश्न मनातून गेला नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा केलेला अभ्यास आहे. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, वारकरी घरातले आहोत. त्यामुळे जे बोलू ते बाहेरून बोलू, पण हलकेपणाने बोलणार नाही.

आधी गोष्ट थोडक्यात. सतराव्या शतकातला जपान. १६१४ च्या आज्ञेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आलेली आहे. बातमी येते की जपानमधले ज्येष्ठ जेझुइट पाद्री ख्रिस्तोव्हाव फेरेइरा यांनी छळाखाली धर्म सोडला. त्यांच्या शिष्यांना हे पटत नाही. सेबास्तियाव रॉद्रिगेश आणि त्यांचे सोबती १६३८ मध्ये लिस्बनहून निघतात, आपल्या गोव्यात उतरतात, तिथून मकाव आणि मग चोरून जपान. खेड्यातले लपलेले ख्रिस्ती त्यांना आसरा देतात. मग पकडापकडी, मृत्यू आणि शेवटी रॉद्रिगेशसमोर ‘फुमिए’ ठेवली जाते. फुमिए म्हणजे येशूची किंवा मरियेची प्रतिमा असलेला पत्रा. त्यावर पाय ठेवायचा, एवढीच मागणी. बाहेर खड्ड्यात उलटे टांगलेले शेतकरी कण्हत आहेत. त्यांनी धर्म कधीच सोडला आहे, पण पाद्री पाय ठेवत नाही तोवर त्यांची सुटका नाही. रॉद्रिगेश पाय ठेवतात. त्या क्षणी प्रतिमेतला येशू आपल्याला तशी मुभा देतो आहे असं त्यांना वाटतं.

यातला बराचसा पाया ऐतिहासिक आहे. फेरेइरा खरे. १६३३ साली नागासाकीत त्यांना खड्ड्यात टांगलं गेलं आणि काही तासांनी त्यांनी धर्म सोडला. रॉद्रिगेश हे पात्र जुझेप्पे कियारा या खऱ्या जेझुइटावर बेतलेलं आहे. ते १६४३ मध्ये पकडले गेले आणि पुढे मरेपर्यंत जपानी अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहिले.

आता मूळ मुद्द्याकडे. ‘मार्टिर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थ ‘साक्षीदार’. हुतात्मा हा अर्थ मागाहून चिकटला. साक्षीदार म्हटला की प्रश्न येतो : कशाची साक्ष? आपण सहज म्हणू, येशूची. ते बरोबरच आहे. पण जुने ग्रंथ नीट वाचले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. छळाच्या ऐन प्रसंगी ही माणसं देवाला ‘निर्माता’ म्हणून हाक मारतात.

तीन उदाहरणं देतो. पहिलं ख्रिस्तपूर्व, यहुदी परंपरेतलं. मक्काबी लोकांच्या दुसऱ्या पुस्तकात सात भाऊ आणि त्यांची आई यांची कथा आहे. राजा अँटिओकस चौथा त्यांना धर्मबाह्य मांस खायला लावतो. सहा मुलं आईच्या डोळ्यांदेखत मारली जातात. सातव्याला ती काय सांगते? स्वर्गाकडे नाही, राजाच्या न्यायाकडे नाही, तर आकाश, पृथ्वी आणि त्यातल्या सगळ्या वस्तूंकडे पाहा म्हणते. देवाने हे आधी असलेल्या कशातून घडवलेलं नाही, हे ध्यानात घे म्हणते. शून्यातून निर्मिती या कल्पनेचा हा फार जुना उल्लेख मानतात. तो कुठल्या पंडिताच्या ग्रंथात नाही, छळाच्या जागी उभ्या असलेल्या आईच्या तोंडी आहे. आणखी एक गोष्ट : तुम्ही माझ्या पोटात कसे आलात ते मला ठाऊक नाही, श्वास मी दिलेला नाही, असंही ती मुलांना सांगते.

दुसरं उदाहरण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातलं. पेत्र आणि योहान यांना धमकी देऊन सोडलं जातं. ते परत आल्यावर मंडळी प्रार्थना करते, आणि प्रार्थनेची सुरुवातच आकाश, पृथ्वी आणि समुद्र करणाऱ्या प्रभूला हाक मारून होते. तिसरं पेत्राच्या पहिल्या पत्रातलं. हे पत्र आजच्या तुर्कस्तानातल्या पंत, बिथुनिया वगैरे प्रांतांतल्या ख्रिस्ती लोकांना उद्देशून आहे. देवाच्या इच्छेने दुःख सोसणाऱ्यांनी चांगलं करत राहावं आणि आपले जीव विश्वासू निर्मात्याच्या हाती सोपवावेत, असा त्याच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटाचा आशय आहे. ‘क्तिस्तेस’, म्हणजे निर्माता, हा शब्द देवासाठी सबंध नव्या करारात या एकाच ठिकाणी आला आहे. आणि विशेषण लावलं आहे ‘विश्वासू’. लक्षात घ्या, इथे विश्वासू कोण आहे? छळ सोसणारा माणूस नव्हे. आधी निर्माता विश्वासू आहे. माणसाची निष्ठा मागून येते.

याच प्रांतातून सुमारे ११२ साली धाकटा प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहितो : ख्रिस्ती म्हणून ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना मी तीनदा विचारतो, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पण करायला लावतो, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावतो. खरे ख्रिस्ती हे करत नाहीत, असं त्याच्या कानावर आलेलं असतं. फुमिएच्या दीड हजार वर्षं आधी चाचणीची पद्धत जवळपास तीच होती. प्रतिमेपुढे शरीराने काय करता ते दाखवा, मनात काय आहे त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

आता तत्त्वज्ञानाचा भाग, थोडक्यात. न्यायदर्शनाचा ईश्वर कुंभारासारखा आहे. परमाणू आधीपासून आहेत, जीव आधीपासून आहेत, त्यांची कर्मं आहेत. ईश्वर जुळणी करतो. सांख्यांना तर कर्ताच लागत नाही, कार्य कारणात आधीच असतं. मक्काबींच्या आईचा देव असा नाही. त्याच्याआधी माती नाही, चाक नाही. तिचा युक्तिवाद साधा आहे. ज्याने काहीच नसताना दिलं, त्याच्यासमोर ‘आता काहीच उरलं नाही’ ही अडचण होऊ शकत नाही. राजा मुलाला नाहीसा करील, पण नाहीसं असणं ही त्या निर्मात्याची सुरुवातीची जागा आहे. दुसरं असं की राजाही निर्मिलेल्यांपैकीच एक ठरतो. त्याची सत्ता खरी आहे, पण शेवटची नाही. त्या श्रोत्यांना आम्ही हे उत्तर देऊ : मानेवर तलवार असलेल्या माणसाला निर्मात्याचा विचार उपयोगी पडतो, कारण तो तलवार धरणाऱ्याचं आकारमान बदलतो.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही प्रवचन केल्यासारखं होईल. देव कुंभार असता तर माती वाईट होती म्हणून सुटला असता. सगळंच त्याने केलं असेल तर खड्डाही त्याच्याच जगात आहे. निर्माता मानल्याने मौनाचा प्रश्न सौम्य होत नाही, अधिक टोकदार होतो. एन्दोंना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या कादंबरीतलं मौन आधी निसर्गाचं मौन आहे. मोकिचि आणि इचिझो या दोन शेतकऱ्यांना समुद्रात खांबांना बांधून भरतीच्या पाण्याखाली मारतात. त्यानंतरही समुद्र तसाच राहतो, आणि रॉद्रिगेशला ते सहन होत नाही. पुढे तुरुंगाच्या अंगणात एका कैद्याचं डोकं उडवतात, आणि त्यानंतरही किड्यांची किरकिर चालूच असते. हे प्रसंग फार ताकदीचे आहेत. इथे रॉद्रिगेश ज्याच्यावर रागावला आहे तो समुद्र करणारा देव आहे.

आमची तक्रार इथून सुरू होते. समुद्रासमोर उभा राहिलेला हा प्रश्न शेवटी फुमिएवरच्या झिजलेल्या चेहऱ्यापाशी सोडवला जातो. येशू मूक नव्हता, तो बरोबर दुःख सोसत होता, हे उत्तर येतं. ते उत्तर मोठं आहे. एन्दोंच्या सगळ्या लेखनातला तो आईसारखा, क्षमा करणारा ख्रिस्त इथे आहे, आणि अनेक वाचकांना त्याने आधार दिला आहे. पण समुद्र कोणी केला आणि तो का थांबला नाही, या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. प्रश्न एकाला विचारला आणि उत्तर दुसऱ्याकडून घेतलं. ख्रिस्ती माणूस म्हणेल की दोघे एकच आहेत. तसं असेल तर ते एकच असल्याचं कादंबरीत दिसायला हवं होतं. तिथे ते दिसत नाही. निर्माता मधेच कुठेतरी गळून पडतो, आणि आमच्या विद्यार्थिनीने नेमकं ते टिपलं होतं.

कोणी म्हणेल, कादंबरीकाराने धर्मशास्त्र पुरं करायलाच हवं असं नाही. मान्य. पण इथे प्रश्न कादंबरीच्या स्वतःच्या वादाचा आहे. फेरेइरा रॉद्रिगेशला पटवतात तेव्हा त्यांचा मुद्दा निर्मात्याचाच असतो. ते म्हणतात, हा देश म्हणजे दलदल आहे, इथे रोप रुजत नाही, मुळं कुजतात. झेवियरांनी ‘देउस’ शिकवला, जपानी लोकांनी तो ‘दाइनिचि’ करून टाकला. माणसाच्या आणि निसर्गाच्या पलीकडचा देव त्यांना कळतच नाही. जे शेतकरी मेले ते तुमच्या देवासाठी मेले नाहीत, त्यांनी स्वतः घडवलेल्या कशासाठी तरी मेले.

दाइनिचि म्हणजे आपला महावैरोचन बुद्ध, महासूर्य. संस्कृतातून चीनमार्गे जपानला गेलेलं नाव. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याकडून निघून कागोशिमाला पोचले, आणि सुरुवातीला त्यांनी देवासाठी खरोखरच हा शब्द वापरला. घोटाळा लक्षात आल्यावर सोडला आणि ‘देउस’ हा परका शब्दच ठेवला. शब्दाची ही अडचण आपल्याकडेही होती. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त उलट वाट धरली. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून त्यांनी ‘वैकुंठ’सारखे शब्द निःसंकोच वापरले. कोणती वाट बरोबर, हा वेगळा विषय. पण निर्मात्याला कुठल्या नावाने हाक मारायची, हा त्या काळातला खरा पेच होता.

आणि जपानी राज्यकर्त्यांनाही तो पेच कळत होता. फाबियान फुकान हा एक जपानी विद्वान. पूर्वीचा झेन भिक्षू, नंतर जेझुइट बंधू. १६०५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने ग्रंथ लिहिला आणि १६२० मध्ये ‘हा दाइउसु’, म्हणजे ‘देउसचं खंडन’, हा विरोधी ग्रंथ. त्याला कोणी खड्ड्यात टांगलं नव्हतं, तो आपणहून बाहेर पडला होता. त्याचं खंडन सुरूच होतं ते निर्मात्याच्या दाव्यापासून : जगाच्या उगमाचा विचार आमच्या परंपरांनीही केला आहे, तुम्ही नवीन काय सांगता? आणि पुढे तो म्हणतो की सर्वांहून देउसवर प्रेम करा ही आज्ञा धन्यावरच्या निष्ठेला सुरुंग लावते. म्हणजे विरोधकांनी नस बरोबर पकडली होती. शोगुनचं भांडण सुळावर मेलेल्या एका दयाळू माणसाशी नव्हतं. शोगुनसुद्धा ज्याने केला आहे अशा कोणाशी तरी होतं.

आता दलदलीचा दावा तपासू. कादंबरीतल्या शेतकऱ्यांना देवाविषयी बोलायला एन्दो फारसं देत नाहीत. ती माणसं क्रूस मागतात, जपमाळेचे मणी मागतात. मोनिका नावाची बाई स्वर्गात राबणं नाही, करवसुली नाही म्हणून तिथे जायला उत्सुक आहे. हे हृदयद्रावक आहे, आणि खरंही असेल. पण त्यामुळे फेरेइरांच्या दाव्याला उत्तर देणारं कोणी उरत नाही. पाद्र्यांमध्ये वाद होतो, शेतकरी फक्त मरतात.

इतिहासातले शेतकरी मात्र मुके नव्हते. पाद्री संपले, चर्चं पाडली गेली, आणि नागासाकीच्या परिसरातल्या खेड्यांत आणि बेटांवर लोकांनी सात पिढ्या गुपचूप धर्म चालवला. त्यांनी तोंडी जपलेल्या कथा पुढे लिहूनही ठेवल्या. त्या पोथीचं नाव ‘तेन्चि हाजिमारि नो कोतो’, म्हणजे ‘आकाश आणि पृथ्वी यांच्या आरंभाची गोष्ट’. सुरुवात देउसुपासून होते. तो आकाशं करतो, सूर्य-चंद्र करतो, मग पहिला पुरुष आणि पहिली स्त्री. पुढे गोष्टीत काय काय मिसळलं आहे ते वाचून गंमत वाटते. पंतय पिलाताचे दोन वेगवेगळे अधिकारी झाले आहेत. मरियेला लुझोनचा राजा मागणी घालतो. देउसुच्या वर्णनात बुद्धाच्या लक्षणांची छाया आहे.

फेरेइरा म्हणतील, बघा, मी सांगत होतो तेच झालं. जाळ्यात सापडलेल्या फुलपाखराचे पंख उरले, आत काही नाही. या आक्षेपात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. पण आमचं वाचन वेगळं आहे. पिलात विसरला, भूगोल विसरला, तरी आरंभ विसरला नाही. दोनशे वर्षं एकही पाद्री नसताना या लोकांनी जे नाव पोथीला दिलं, त्यात आकाश आणि पृथ्वी आहे. माणसापलीकडचा देव ज्यांना कळतच नाही, अशी माणसं हे करत नाहीत.

या लोकांनी फुमिएवर पाय ठेवले होते. नागासाकीत ते दरवर्षी करावंच लागे. घरी येऊन ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला ते पोर्तुगीजवरून ‘कोन्चिरिसान’ म्हणत. मग १८६५ च्या १७ मार्चला उराकामी गावचे काही लोक नागासाकीतल्या नव्या ओउरा चर्चमध्ये आले आणि फ्रेंच पाद्री पतिजाँ यांना हळूच म्हणाले की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. त्याचं बक्षीस काय मिळालं? पुन्हा छळ. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना देशभर हद्दपार केलं गेलं, त्यांतली सहाशेहून अधिक दगावली. बंदीच्या पाट्या उतरल्या त्या १८७३ मध्ये. सगळे चर्चमध्ये परतले असंही नाही. काही घराण्यांनी आपली जुनी रीतच चालू ठेवली.

आमच्या विद्यार्थिनीच्या वसईचा एक माणूस या इतिहासात आहे. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई स्थानिक, जपानी भाषा उत्तम येणारा फ्रान्सिस्कन बंधू. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत २६ जणांना क्रूसावर मारलं, त्यांतला तो एक. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं आणि वसईतल्या एका कॉलेजला आज त्याचं नाव आहे. त्याची साक्ष आपल्याला लगेच ओळखू येते. उराकामीच्या ज्या आजीने दर वर्षी पाय ठेवला, घरी येऊन क्षमा मागितली आणि नातवाला आकाश आणि पृथ्वीच्या आरंभाची गोष्ट सांगितली, तिची साक्ष ओळखायला आपल्याला कठीण जातं. तिचं नावही उरलेलं नाही. पण १८६५ चा दिवस तिच्यामुळे आला, गोन्सालोमुळे एकट्यामुळे नव्हे.

‘चिम्मोकु’ पाय ठेवणाऱ्याला माणूस म्हणून जवळ घेते, हे तिचं मोठेपण आहे. ते आम्ही कमी करत नाही. पण तिच्यात निवड दोनच गोष्टींत उरते : पाय ठेवणं किंवा न ठेवणं. निष्ठा सगळी माणसाच्या पायात येऊन बसते. पेत्राच्या पत्राने विश्वासू हे विशेषण निर्मात्याला लावलं होतं. तसं असेल तर माणसाचा पाय चुकला तरी गोष्ट तिथे संपत नाही, कारण ती त्याच्या पायावर उभीच नव्हती. लपलेल्या ख्रिस्ती लोकांचं जगणं आम्हाला या वाक्याचं भाष्य वाटतं. ते सोपं समाधान नाही. समुद्र का थांबला नाही, हे त्यांनाही कोणी सांगितलं नाही. त्यांनी समुद्र करणाऱ्याचं नाव मात्र सोडलं नाही.

त्या विद्यार्थिनीला आता आम्ही सांगू की तुझ्या घरची प्रार्थना जिथून सुरू होते, तिथूनच ही कादंबरी पुन्हा वाचायला हवी. तिने विचारलं तेव्हा हे आम्हाला सुचलं नव्हतं.

वेळ झाली आहे, पण आज प्रश्नांपासून सुटका करून घेत नाही. थांबतो. विचारा.